डाव

सोलापूरहून बार्शीकडे निघाले, की वाटेत वैराग लागते. बार्शी तालुक्यातील हे मोठे बाजाराचे गाव. भोवती काळ्या जमिनी, थंडीच्या दिवसांत त्यांत उभा असलेला शाळू, गावात ग्रामदैवत संतनाथांचे देऊळ, असे हे सोलापूर जिल्ह्यातील इतर गावांसारखेच गाव आहे. अशा गावात एक लहानसा शब्द दिवसभरात किती वेळा कानांवर पडतो, याची मोजदाद करावयाचे ठरवले, तर हातांची बोटे पुरणार नाहीत.

सकाळी स्वयंपाकघरातून आजी सांगते, “बाळा, फळीवरचा तो डाव दे बघू इकडं.” अंगणातून आई रागावते, “एक डाव सांगून कळत नाही का रे तुला?” दुपारी पारावर बसलेली म्हातारी मंडळी गेल्या यात्रेतील कुस्तीची आठवण काढतात, “काय डाव टाकला होता गड्यानं! पापणी लवायच्या आत समोरचा उताणा!” संध्याकाळी कोणाच्या तरी मोबाइलवर क्रिकेटचे समालोचन चालू असते, “भारताचा पहिला डाव संपुष्टात आला आहे.” आणि त्याच वेळी शाळेमागच्या मोकळ्या जागेत विटीदांडू खेळणारी पोरे एका गड्याची वाट अडवून ओरडत असतात, “डाव देऊन जा! डाव दिल्याबिगर जायचं नाही!”

शब्द एकच, पण दर वेळी त्याचे बोट निराळ्या गोष्टीकडे आहे. खेळाच्या मैदानावर इतक्या सहजपणे वावरणारा दुसरा मराठी शब्द सापडणे कठीण. आज आपण याच शब्दाची थोडी ओळख करून घेऊ.

प्रथम दोन परके पाहुणे बाजूला काढू. आजीने मागितलेला डाव म्हणजे वरण-आमटी वाढण्याचे लांब दांड्याचे साधन. त्याचा खेळाशी काही संबंध नाही. नाव सारखे म्हणून दोन माणसे जशी सख्खी भावंडे होत नाहीत, तसाच हा प्रकार. दुसरा पाहुणा म्हणजे डावा हात. तोही वेगळ्या कुळातला. मात्र लिहिताना येथे घोटाळा होऊ शकतो, म्हणून एक खूण ध्यानात ठेवावी. ‘डाव’ हे पुल्लिंगी नाम आहे. त्याचे अनेकवचनही ‘डाव’ असेच होते. प्रत्यय लागताना त्याचे ‘डावा’ असे सामान्यरूप होते: डावात, डावाला, डावाने. ‘डावा’ या विशेषणाचे मात्र ‘डाव्या’ होते: डाव्या हाताने, डाव्या बाजूला. ‘त्याने पहिल्या डावात डाव्या हाताने गोलंदाजी केली’ हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा, म्हणजे हा फरक कानालाच कळेल.

आता मैदानावर जाऊ. विटीदांडू हा खेळ हल्ली पुष्कळ ठिकाणी मागे पडला आहे. तरी या शब्दाचा मूळ स्वभाव समजून घ्यावयाचा, तर त्याच्यापाशीच जावे लागते. जमिनीत एक लांबट खळगा करावयाचा, त्यावर विटी आडवी ठेवावयाची आणि दांडूने ती दूर कोलावयाची. समोर पसरलेल्या गड्यांनी ती वरचेवर झेलली, किंवा पडल्या जागेवरून फेकून खळग्यावर ठेवलेल्या दांडूला लावली, तर खेळणारा बाद झाला. तसे घडले नाही, तर मग विटीचे टोक दांडूने उडवून ती हवेतल्या हवेत टोलवावयाची आणि ती कोठवर गेली ते दांडूने मोजावयाचे. ही मोजणी मोठी गमतीची असते. पोरे एक, दोन, तीन म्हणत नाहीत. वकट, लेंड, मूंड, नाल असे म्हणतात. तेलुगू भाषेत एकाला ओकटि, दोनाला रेंडु, तिनाला मूडु आणि चाराला नालुगु म्हणतात, हे कळले म्हणजे या विचित्र आकड्यांचे कोडे उलगडते. सोलापूर शहरात तर तेलुगू बोलणारी विणकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. पण ही मोजणी केवळ तेवढ्याच भागापुरती नाही, महाराष्ट्रात ती दूरदूर ऐकू येते. खेळणाऱ्या पोरांनी भाषांच्या सीमा केव्हाच ओलांडल्या होत्या!

या खेळात ज्याच्या हाती दांडू, त्याचा डाव. तो डाव ‘घेतो’. बाकीचे उन्हात विटीमागे धावतात. ते डाव ‘देतात’. वरवर पाहता ही साधी क्रियापदे आहेत. पण पोरांचा सारा कायदा त्यांत साठवलेला आहे. या खेळाला पंच नसतो, नियमांचे छापील पुस्तक नसते, शिट्टी नसते. तरीही एक गोष्ट कोणी विसरत नाही: ज्याने डाव घेतला, त्याने तो दिलाच पाहिजे. आपला डाव मनसोक्त खेळून घ्यावा आणि दुसऱ्याची वेळ आली, की “आईनं हाक मारली” म्हणून घराकडे पळावे, हे चालत नाही. वैरागची पोरे वाट अडवून जे ओरडत होती, ते यासाठीच. घेतलेला डाव हे त्यांच्या दृष्टीने एक कर्जच असते, आणि सावकारही मागणार नाही इतक्या तगाद्याने ती ते वसूल करतात.

म्हणून ‘डाव’ या शब्दाचा पहिला अर्थ आहे ‘खेळण्याची पाळी’. माझा डाव, तुझा डाव, आता कोणाचा डाव, या सर्व प्रयोगांत हाच अर्थ आहे. हिंदीतील ‘दाँव’ आणि गुजरातीतील ‘दाव’ ही या शब्दाची भावंडे. गुजराती मुलेही खेळताना आपला ‘दाव’ मागतात. ‘लपंडाव’ या शब्दात तर डाव उघडउघड लपून बसला आहे. ज्याने डोळे मिटून इतरांना शोधावयाचे, त्याच्यावर डाव आला असे काही ठिकाणी म्हणतात. काही ठिकाणी त्याच्यावर ‘राज्य’ आले असे म्हणतात. सर्वांत जास्त पायपीट ज्याच्या वाट्याला येते, त्यालाच राज्य मिळाले म्हणावयाचे! मुलांची भाषा राजेलोकांची थट्टा करते की काय, कोण जाणे.

पाळी एकदा येते, जाते आणि फिरून येते. त्यामुळे ‘डाव’ या शब्दाला ‘वेळ’ किंवा ‘खेप’ असाही अर्थ चिकटला. “एक डाव सांगून कळत नाही का?” असे वैरागची आई म्हणते, तेव्हा ती कोणत्याही खेळाविषयी बोलत नसते. एक डाव म्हणजे एक वेळ, दोन डाव म्हणजे दोन वेळा. “एक डाव पंढरपूरला जाऊन यावं म्हणतो,” असे एखादे आजोबा सहज बोलून जातात. शहरात वाढलेल्या कित्येकांना हा प्रयोग अशुद्ध वाटतो. तो अशुद्ध नाही. बोलीतला आहे आणि मोठा अर्थपूर्ण आहे. निबंधात आपण ‘एकदा’ असे लिहावे हे ठीक. पण घरात कोणी ‘एक डाव’ म्हटले, तर हसू नये.

आता कुस्तीच्या फडाकडे वळू. यात्रा म्हटली, की या भागात कुस्त्या आल्याच. हलगी कडाडू लागते, तांबडी माती अंगाला चोळून पैलवान समोरासमोर येतात, सलामी होते, खडाखडी सुरू होते. येथे डाव या शब्दाचे रूप पालटते. येथे डाव म्हणजे पाळी नव्हे. येथे डाव म्हणजे प्रतिस्पर्ध्याला चीत करण्याची नेमकी युक्ती. अशा युक्त्या शेकड्यांनी मोजाव्यात इतक्या आहेत, आणि त्यांची नावे ऐकताना तर आपल्या पूर्वजांच्या निरीक्षणाचे कौतुक वाटते. परीट ओले धुणे खांद्यावरून आणून दगडावर आपटतो, तसे प्रतिस्पर्ध्याला खांद्यावरून आणून जमिनीवर आपटावयाचे, तो धोबीपछाड. एक पाय धरून पाडावयाचे, तो एकेरी पट. दोन्ही पाय धरले, तर दुहेरी पट. याखेरीज घिस्सा, कलाजंग, सवारी, मोळी, टांग अशी कितीतरी नावे पैलवानांच्या तोंडी असतात. ज्यांनी ही नावे ठेवली, त्यांनी कोश उघडला नव्हता. त्यांनी नदीवरचा परीट पाहिला होता आणि रानातून येणारी जळणाची मोळी पाहिली होती.

ढाक हा असाच एक नावाजलेला डाव. प्रतिस्पर्ध्याची मान हाताच्या विळख्यात जखडावयाची आणि त्याला झटक्यासरशी जमिनीवर फेकावयाचे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव या डावात तरबेज होते. अंगाने लहानखुरे असलेल्या या पैलवानाने १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. गावच्या मातीत घोटून तयार केलेले डाव परदेशच्या गादीवरही चालतात, हे त्यांनी दाखवून दिले.

वृत्तपत्रांत कुस्तीच्या बातम्या वाचताना एका प्रत्ययाकडे लक्ष द्या. ‘अमक्याने तमक्याला घिस्सा डावावर चीतपट केले,’ असे तेथे लिहिलेले असते. डावाने नव्हे, डावावर. पाण्याच्या लोटावर किंवा वाऱ्याच्या झोतावर एखादी वस्तू उचलली जावी, तसा तो पैलवान त्या डावावर उचलला गेला, असेच जणू हा ‘वर’ सांगतो. क्रिकेटच्या बातमीत मात्र ‘एक डाव व दहा धावांनी विजय’ असे येते. तेथे डाव हे विजयाचे माप असते. प्रत्यय बदलला, की शब्दाचे काम बदलते.

कुस्तीतील डावाविषयी आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. प्रत्येक डावाला तोड असते. तोड म्हणजे त्या डावातून सुटण्याची किंवा तो टाकणाऱ्यावरच उलटवण्याची युक्ती. वस्ताद तालमीत डाव शिकवतो, तेव्हा त्याची तोडही शिकवतो. म्हणजे कुस्तीतील डाव ही दोघांनाही ठाऊक असलेली विद्या आहे. समोरचा पट काढणार, हे पैलवानाला माहीत असते. तो केव्हा काढणार, एवढेच माहीत नसते. युक्ती आणि फसवणूक यांत हाच भेद आहे. फसवणुकीचा नियम एकालाच ठाऊक असतो.

तरीही ‘वस्ताद एक डाव राखून ठेवतो’ अशी म्हण आपल्याकडे आहे. ही कल्पना फार दूरवर पसरलेली आहे. इराणातील शिराझ शहरी होऊन गेलेले कवी शेख सादी यांनी १२५८ साली ‘गुलिस्तान’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात एका वस्तादाची गोष्ट आहे. त्याला तीनशे साठ डाव येत होते. आपल्या आवडत्या शिष्याला त्याने त्यांपैकी तीनशे एकोणसाठ शिकवले. एक काही शिकवला नाही. शिष्य तरुण आणि बळकट होता. भर दरबारात त्याने बढाई मारली, की मी वस्तादाला मोठे मानतो ते केवळ त्यांच्या वयामुळे आणि त्यांनी शिकवले म्हणून. बळात मी त्यांच्याहून उणा नाही आणि विद्येत बरोबरीचा आहे. राजाला हे आवडले नाही. त्याने दोघांची कुस्ती लावली. शिष्य मत्त हत्तीसारखा धावून आला. वस्तादाने तो राखून ठेवलेला तीनशे साठावा डाव काढला, शिष्याला डोक्यावर उचलले आणि जमिनीवर आदळले. या गोष्टीत वस्ताद शहाणा ठरतो खरा; पण सगळेच वस्ताद एकेक डाव राखून ठेवू लागले, तर चार पिढ्यांनंतर तालमीत शिकवण्यासारखे काय उरेल, असाही प्रश्न मनात येतो.

फडातला हा डाव पुढे फडाबाहेर पडला आणि इतिहासात, राजकारणात, व्यवहारात शिरला. अफझलखानाने शिवाजी महाराजांना भेटीस बोलावून घात करण्याचा बेत केला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी तो डाव त्याच्यावरच उलटला. येथे ‘उलटला’ हे क्रियापद थेट आखाड्यातून आले आहे. डाव टाकणे, डाव साधणे, डाव हुकणे, डाव फसणे, डाव ओळखणे हे सारे वाक्प्रयोग असेच मातीतून उठून आलेले आहेत. मात्र मैदान सोडल्याबरोबर या शब्दाला थोडा काळोखाचा वास लागला. ‘त्यात त्याचा काही डाव आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या माणसाचे कौतुक करीत नसतो. तरी कट, कावा आणि डाव हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. कट अनेकांनी मिळून आणि गुपचूप करावयाचा असतो. काव्यात हुलकावणी असते. डावाला मात्र समोर कोणीतरी प्रतिस्पर्धी उभा असावा लागतो.

येथे आणखी एका चुकीकडे बोट दाखवणे आवश्यक आहे. ‘त्याने आपला जीव डावावर लावला’ असे अलीकडे पुष्कळदा लिहिलेले आढळते. हा हिंदीतील प्रयोग आहे. तो जसाच्या तसा उचलून मराठीत आणलेला आहे. मराठीत आपण ‘पणाला लावणे’ म्हणतो. महाभारतातील द्यूतसभेत युधिष्ठिराने राज्य पणाला लावले, भावांना पणाला लावले. द्यूताचा डाव मांडला जातो. संपत्ती पणाला लागते. दोन्ही शब्दांना आपापले काम आहे.

मैदानावरील तिसरा अर्थ खो-खो आणि क्रिकेट या खेळांत दिसतो. येथे डाव म्हणजे एका गड्याची पाळी नव्हे, तर सामन्याचा एक ठरलेला भाग. खो-खोच्या एका डावात प्रत्येक संघाला एकदा पाठलाग करावा लागतो आणि एकदा पळावे लागते. एकाच डावात इतके गुण मिळवले, की दुसऱ्या डावात पुन्हा पाठलाग करण्याची गरजच राहिली नाही, तर तो संघ ‘एक डाव राखून’ जिंकला असे म्हणतात. वैरागपासून फार दूर नसलेल्या धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या खो-खोच्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत भारताच्या मुलींच्या आणि मुलांच्या अशा दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले. त्या दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्याच खेळाडूंकडे होते: प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर.

‘एक डाव राखून’ या शब्दांतील गंमत तुमच्या ध्यानात आली असेलच. वस्ताद डाव राखून ठेवतो, तेव्हा तो एक युक्ती लपवून ठेवतो. संघ डाव राखून जिंकतो, तेव्हा तो खेळण्याची एक पाळी न वापरताच जिंकतो. शब्द तेच, क्रियापद तेच. अर्थ मात्र खेळाने ठरवला.

क्रिकेट हा इंग्रजांचा खेळ. त्यातील ‘इनिंग’ या शब्दासाठी मराठीला नवा शब्द घडवावा लागला नाही. विटीदांडूच्या मैदानावर तो तयारच होता. तोही चेंडूफळीसारखाच खेळ. एकाने टोलवावयाचे, इतरांनी झेलावयाचे. आकाशवाणीवरून मराठीत समालोचन करणारे बाळ ज. पंडित, मराठी वृत्तपत्रांत क्रीडापानाला मानाची जागा मिळवून देणारे वि. वि. करमरकर, अशा जाणकारांच्या वाणीने आणि लेखणीने क्रिकेटची मराठी भाषा घराघरांत रुळली. या भाषेत डाव कधी घर होतो, कधी अंथरूण. फलंदाज डावाची ‘उभारणी’ करतात, पडझड झाली की डाव ‘सावरतात’. सावरला नाही, तर डाव ‘कोसळतो’. आणि गोलंदाज फारच भेदक असले, तर ते अंथरुणासारखा डाव ‘गुंडाळतात’. कर्णधाराला वाटले, की धावा पुरेशा झाल्या, तर तो आपला डाव ‘घोषित’ करतो. म्हणजे, आम्ही आमचा डाव येथे थांबवतो, आता तुमचा घ्या, असे सांगतो.

डाव आणि खेळी यांतील फरक येथेच समजून घ्यावा. डाव संघाचा, खेळी एका फलंदाजाची. हा फरक ज्या सामन्यावरून उत्तम कळतो, तो सामना पुण्यात झाला.

१९४८ सालच्या डिसेंबर महिन्यात पूना क्लबच्या मैदानावर रणजी करंडक स्पर्धेत महाराष्ट्र आणि काठेवाड यांची गाठ पडली. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. मग महाराष्ट्राचा डाव सुरू झाला. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले आणि बाद होईनातच. भांडारकर यांच्याबरोबर त्यांनी दुसऱ्या जोडीसाठी ४५५ धावा जोडल्या. शंभर झाल्या, दोनशे झाल्या, तीनशे झाल्या, चारशेही मागे पडल्या. तिसऱ्या दिवशी उपाहाराची वेळ झाली, तेव्हा निंबाळकरांची खेळी ४४३ धावांची होती आणि ते नाबाद होते. महाराष्ट्राचा डाव ४ बाद ८२६ असा होता.

त्या काळी जगातील सर्वांत मोठी खेळी होती ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन यांची. त्यांनी १९३० साली सिडनी येथे नाबाद ४५२ धावा केल्या होत्या. निंबाळकरांना ती गाठावयास अवघ्या नऊ धावा हव्या होत्या, मागे टाकावयास दहा. दोन-तीन षटकांचे काम! पण काठेवाडचा संघ उपाहारानंतर मैदानात उतरलाच नाही. महाराष्ट्राने डाव घोषित करावा, असा त्यांच्या कर्णधाराचा, राजकोटच्या ठाकूरसाहेबांचा, आग्रह होता. तो मान्य झाला नाही, तेव्हा त्यांनी सामना सोडून दिला आणि संघ निघून गेला.

काठेवाडच्या बाजूने बोलावयाचे, तर त्यांनाही त्रास थोडा झाला नव्हता. आठशेहून अधिक धावा होईपर्यंत चेंडूमागे धावणे हे सुखाचे काम नव्हे, आणि हरलेल्या सामन्यात तर मुळीच नव्हे. सामना सोडण्याचा हक्कही प्रत्येक संघाला असतोच. हे सारे मान्य करूनही मनाला ती गोष्ट पटत नाही. त्यांनी आपला डाव घेतला होता. दहा गडी बाद होईपर्यंत तो घेतला होता. समोरच्यांचा डाव द्यावयाचा राहिला असताना ते उठून गेले. वैरागच्या पोरांना हा प्रसंग सांगितला, तर त्यांना क्रिकेटचे नियम समजावून द्यावे लागणार नाहीत. ती एका आवाजात म्हणतील, “हा रडीचा डाव!”

‘रडीचा डाव’ हा मराठी मुलांनी दिलेला फार नेमका शब्द आहे. हरू लागले, की रडावयाचे, नियम बदलावयास सांगावयाचे, खेळ उधळावयाचा किंवा घरी निघून जावयाचे, या सर्वांना मिळून तो एकच शब्द आहे. त्यात शिवी नाही, पण शिवीपेक्षा तो अधिक झोंबतो. मोठी माणसेही निवडणुकीत, व्यापारात, भाऊबंदकीत एकमेकांना हाच शब्द ऐकवतात.

पुढे १९५९ साली कराचीत हनीफ महंमद यांनी ४९९ धावा केल्या आणि १९९४ साली इंग्लंडमध्ये ब्रायन लारा यांनी नाबाद ५०१. ब्रॅडमन यांचा विक्रम अशा रीतीने मागे पडला. निंबाळकर भारताकडून एकही कसोटी सामना खेळले नाहीत. २०१२ साली कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. रणजी करंडक स्पर्धेत त्यांच्याएवढी खेळी अद्याप कोणाची झालेली नाही. त्या सामन्याचा धावफलक आजही पाहावयास मिळतो. त्यात ४४३ या आकड्यापुढे नाबादची खूण आहे.

स्वाध्याय

१. ‘डाव’ या शब्दाचे खेळातील तीन अर्थ प्रत्येकी एका वाक्यात सांगा. ‘एक डाव राखून’ याचे दोन अर्थ स्पष्ट होतील अशी दोन वाक्ये तयार करा.

२. डाव, खेळी, पाळी, राज्य यांपैकी योग्य शब्द घाला: ‘निंबाळकरांची ......... नाबाद राहिली, पण महाराष्ट्राचा ......... पुरा झाला नाही.’

३. कुस्तीतील डावांची जी नावे पाठात आली आहेत, त्यांपैकी कोणत्याही दोहोंचा रोजच्या व्यवहाराशी असलेला संबंध सांगा. तुमच्या गावातील एखाद्या पैलवानाकडून किंवा आजोबांकडून आणखी दोन नावे मिळवा.

४. विटीदांडूतील मोजणीचे आकडे तुमच्या घरी कोणाला आठवतात का, ते विचारा व ऐकाल तसेच लिहून काढा.

५. काठेवाडच्या संघातील एका खेळाडूने त्या दिवशी संध्याकाळी आपल्या घरी पत्र लिहिले आहे, अशी कल्पना करा. ते पत्र पंधरा ओळींत लिहा.